वर्गप्रकृती आणि १,७६,६३,१९,०४९ ही संख्या

वर्गप्रकृती आणि १,७६,६३,१९,०४९ ही संख्या : ‘एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता येणारी बेरीज पूर्ण वर्ग असावी, तर त्या संख्या कोणत्या?’ या प्रश्नाच्या सर्वांत लहान पूर्णांकी उत्तरातील मोठी संख्या १,७६,६३,१९,०४९ ही आहे. जिच्या वर्गाला ६१ ने गुणावयाचे ती संख्या २२,६१,५३,९८० होय. ⇨ भास्कराचार्य यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धांतशिरोमणि या ग्रंथाच्या बीजगणित या भागात हा प्रश्न आणि त्याची ही दोन्ही उत्तरे आली आहेत. पाचशे वर्षांनंतर हाच प्रश्न फ्रान्समध्ये स्वतंत्रपणे विचारला गेला. भास्कराचार्यांनी आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडवीड हे मराठवाड्यातील बीड असावे, असे एक मत आहे. त्यामुळे या संख्येचा इतिहास बीड जिल्ह्याच्या इतिहासाशीही निगडित झाला आहे.

संज्ञा : प्रस्तुत प्रश्न आजच्या पद्धतीने क्ष² − ६१ य² = १ असा मांडता येतो. एका समीकरणात दोन अज्ञात राशी असल्याने हे अनिर्धार्य समीकरण आहे. य ला कोणतीही किंमत देऊन क्ष ची किंमत काढता येईल. परंतु दोन्ही राशी पूर्णांक असल्या पाहिजेत, ही अट घातली की प्रश्न कठीण होतो. भारतीय ग्रंथांत अशा समीकरणास ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ज्या संख्येने वर्गास गुणावयाचे ती (येथे ६१) ‘प्रकृती’, जी मिळवावयाची ती (येथे १) ‘क्षेप’, लहान मूळ ते ‘कनिष्ठ’ आणि मोठे मूळ ते ‘ज्येष्ठ’ होय. १,७६,६३,१९,०४९ हे ६१ या प्रकृतीचे, क्षेप १ असतानाचे, सर्वांत लहान ज्येष्ठ मूळ आहे. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल, तर अशा समीकरणास अनंत उत्तरे असतात. सर्वांत लहान उत्तर सापडले की त्यापासून उरलेली सर्व उत्तरे तयार करता येतात. ६१ या प्रकृतीच्या दुसऱ्या उत्तरातील ज्येष्ठ मूळ १९ अंकी आहे.

लीलावतीत स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, त्यांनुसार ही संख्या १ अब्ज, ७ अर्बुद, ६ कोटी, ६ प्रयुत, ३ लक्ष, १ अयुत, ९ सहस्र, ० शत, ४ दश, ९ अशी वाचता येईल. आजच्या व्यवहारात ती १७६ कोटी ६३ लक्ष १९ हजार ४९ अशी वाचतात.

प्रश्नाची काठिण्यपातळी : प्रकृतीच्या आकारावरून उत्तराच्या आकाराचा अंदाज बांधता येत नाही, हे या प्रश्नाचे विशेष लक्षण आहे. ६१ च्या शेजारच्या संख्या घेतल्यास ते ध्यानात येते. प्रकृती ६० असता ३१² − ६० × ४² = १; प्रकृती ६२ असता ६३² − ६२ × ८² = १; प्रकृती ६३ असता ८² − ६३ × १² = १. ही उत्तरे अदमासानेही मिळतात. ६० व ६२ यांच्यामध्ये असलेल्या ६१ चे उत्तर मात्र दहा अंकी आहे. १०० पर्यंतच्या कोणत्याही प्रकृतीचे सर्वांत लहान उत्तर याहून मोठे नाही. १०९ या प्रकृतीपाशी ते प्रथमच ओलांडले जाते (तेथील ज्येष्ठ मूळ १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ आहे).

याचे एक साधे कारण असे सांगता येईल. ६०, ६१, ६२ व ६३ या संख्या ८ च्या वर्गापेक्षा (६४) अनुक्रमे ४, ३, २ व १ ने कमी आहेत. ही वजाबाकी ८ च्या दुपटीस म्हणजे १६ ला निःशेष भागत असेल, तर उत्तर लगेच मिळते. ४, २ व १ या संख्या १६ ला निःशेष भागतात. ३ ने भाग जात नाही. त्यामुळे ६१ ला सोपा मार्ग उरत नाही.

केवळ चाचपणीने उत्तर शोधावयाचे ठरविल्यास य ला १, २, ३, ... अशा किंमती देत जावे लागेल आणि प्रत्येक वेळी ६१ य² + १ हा पूर्ण वर्ग आहे की नाही, हे पाहावे लागेल. दर मिनिटास एक याप्रमाणे अहोरात्र परीक्षा केली, तरी २२,६१,५३,९८० या संख्येपर्यंत पोहोचण्यास सुमारे ४३० वर्षे लागतील. यावरून भास्कराचार्यांपाशी हे उत्तर असणे म्हणजे ते काढण्याची निश्चित रीत असणे होय, असे खात्रीने म्हणता येते. या संख्येचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः यातच आहे.

पूर्वेतिहास : वर्गप्रकृतीचा पाया ⇨ ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात घातला. दोन उत्तरांच्या संयोगाने तिसरे उत्तर तयार करण्याची त्यांची रीत ‘भावना’ या नावाने ओळखली जाते. एका जोडीचा क्षेप आणि दुसऱ्या जोडीचा क्षेप माहीत असता, दोन्ही ज्येष्ठांच्या गुणाकारात प्रकृती व दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार मिळवावा, म्हणजे नवे ज्येष्ठ मूळ येते. ज्येष्ठ व कनिष्ठ यांचे तिरकस गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी, म्हणजे नवे कनिष्ठ मूळ येते. नव्या जोडीचा क्षेप हा पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. एखादी जोडी स्वतःशीच अशा रीतीने जोडता येते. या नियमाने ब्रह्मगुप्तांनी ११५१² − ९२ × १२०² = १ यासारखी उत्तरे मिळविली. क्षेप −१, ±२ किंवा ±४ असलेली जोडी हाती आली की तीपासून क्षेप १ असलेली जोडी कशी काढावी, याचे नियमही त्यांनी दिले.

ब्रह्मगुप्तांच्या पद्धतीत एक उणीव होती. असा सोयीचा क्षेप असलेली जोडी प्रथम सापडली पाहिजे. ती कशी शोधावी याची सर्वत्र लागू पडणारी रीत त्यांनी दिली नव्हती. ही उणीव ‘चक्रवाल’ रीतीने भरून काढली. ही रीत प्रथम भास्कराचार्यांच्या बीजगणितातच येते, असे दीर्घकाळ समजले जात होते. परंतु उदयदिवाकर यांनी १०७३ मध्ये लिहिलेल्या सुंदरी या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञांचे चक्रवालविषयक श्लोक उद्धृत केलेले आहेत, हे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ही रीत भास्कराचार्यांच्या आधी निदान पाऊणशे वर्षे प्रचलित होती. भास्कराचार्यांनी स्वतःही ती आपली म्हणून सांगितलेली नाही. या रीतीला चक्रवाल म्हणतात, अशाच शब्दांत ते तिचा निर्देश करतात. चक्रवाल म्हणजे वर्तुळ किंवा वलय. एका फेरीचे उत्तर दुसऱ्या फेरीचा आरंभ होते व तीच कृती फिरून फिरून करावी लागते, म्हणून हे नाव पडले असावे.

भास्कराचार्यांची कृती : बीजगणितातील चक्रवाल प्रकरणात ६७ व ६१ या दोन प्रकृती उदाहरणादाखल घेतल्या आहेत. ६७ चे उत्तर ज्येष्ठ ४८,८४२ व कनिष्ठ ५,९६७ असे येते. ६१ ची निवड हेतुपूर्वक केलेली दिसते. कारण लहान प्रकृतींमध्ये रीतीची एवढी कसोटी पाहणारी दुसरी संख्या नाही.

रीत पुढीलप्रमाणे आहे. प्रथम सोयीची एक जोडी घ्यावी. ८ चा वर्ग ६४ व ६१ × १² यांतील अंतर ३. म्हणून ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. आता असा एक गुणक शोधावा की, त्याने कनिष्ठास गुणून त्यात ज्येष्ठ मिळविला असता बेरजेस क्षेपाने निःशेष भाग जावा. शिवाय गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या शक्य तितका जवळ असावा. हा गुणक शोधण्यासाठी ⇨ कुट्टक ही रीत वापरतात. येथे ७ हा गुणक येतो : १ × ७ + ८ = १५, आणि १५ ला ३ ने भागता ५ हे नवे कनिष्ठ मूळ मिळते. ७ चा वर्ग ४९; तो ६१ पेक्षा १२ ने कमी आहे; −१२ ला ३ ने भागता −४ हा नवा क्षेप येतो. नवे ज्येष्ठ मूळ (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९. ताळा पाहता ३९² = १,५२१ आणि ६१ × ५² = १,५२५; वजाबाकी −४.

क्षेप ±४, ±२ किंवा ±१ यांपैकी एखादा आला की फेऱ्या थांबवून भावनेचा आश्रय करावा, असे भास्कराचार्य सांगतात. येथे −४ हा क्षेप पहिल्याच फेरीत आला आहे. ३९ व ५ यांना २ ने भागले की क्षेप −१ होतो. मात्र मुळे अपूर्णांकी (३९/२ व ५/२) होतात. ही जोडी स्वतःशी जोडली असता १,५२३/२ व १९५/२ ही मुळे आणि क्षेप १ येतो. ती पुन्हा पहिल्या जोडीशी जोडली असता अपूर्णांक नाहीसे होऊन ज्येष्ठ २९,७१८, कनिष्ठ ३,८०५ व क्षेप −१ मिळतो. अखेरीस ही जोडी स्वतःशी जोडावी, म्हणजे क्षेप १ येतो आणि

ज्येष्ठ = २९,७१८² + ६१ × ३,८०५² = १,७६,६३,१९,०४९,
कनिष्ठ = २ × २९,७१८ × ३,८०५ = २२,६१,५३,९८०

अशी उत्तरे मिळतात. एक फेरी आणि तीन भावना एवढ्यात काम आटोपते. गुणाकार-भागाकारांखेरीज कोणतेही साधन लागत नाही. पाटीवर धूळ पसरून केलेल्या गणितातही ते थोड्या वेळात होण्यासारखे आहे.

भावनेची मदत न घेता चक्रवालाच्या फेऱ्याच चालू ठेवल्या, तरी हेच उत्तर येते. त्या वेळी क्षेप अनुक्रमे ३, −४, −५, ५, ४, −३, −१ असे येतात आणि पुढील सात पायऱ्यांत क्षेप १ पर्यंत पोहोचता येते. एकूण १४ पायऱ्या होतात. मुळे झपाट्याने वाढत जातात, पण क्षेप मात्र आरंभापासून अखेरपर्यंत लहानच राहतात. गुणकाचा वर्ग प्रकृतीच्या जवळ ठेवावा, या अटीचा हा परिणाम असून रीतीचे सामर्थ्य मुख्यतः या अटीत आहे.

संख्येचे गुणधर्म : १,७६,६३,१९,०४९ ही दहा अंकी विषम संख्या आहे. ती अविभाज्य नाही. तिचे चार भिन्न अविभाज्य अवयव आहेत : ११ × ५९ × १,५२३ × १,७८७. या चारही अवयवांना २४ ने भागले असता बाकी ११ उरते. हा योगायोग नव्हे. वर्गप्रकृतीमुळे या संख्येच्या अवयवांवर काही बंधने पडतात. त्यांमुळे अवयवास २४ ने भागता बाकी १ किंवा ११ यांखेरीज दुसरी उरू शकत नाही. प्रत्यक्षात चारही ठिकाणी ती ११ आली आहे.

या संख्येच्या दोन्ही बाजूंच्या संख्याही लक्षणीय आहेत. तिच्या आधीची १,७६,६३,१९,०४८ ही २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट आहे. तिच्या नंतरची १,७६,६३,१९,०५० ही ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुपटीने गुणलेला वर्ग, आहे. क्षेप −१ असलेल्या जोडीपासून उत्तर तयार झाल्याची ही खूण होय.

ब्रह्मगुप्तांच्या −४ क्षेपाच्या नियमानुसार कृती केल्यास याच संख्येचे आणखी एक रूप दिसते. ३९ चा वर्ग १,५२१. त्यात २ मिळवून १,५२३ येतात. या नियमाने ज्येष्ठ मूळ १,५२३ × ११,५९,७६३ आणि कनिष्ठ मूळ १९५ × ११,५९,७६४ असे मिळते. दोन्हींतील मोठे गुणक लागोपाठचे आहेत. कनिष्ठ मुळाचे अविभाज्य अवयव मात्र बहुतेक लहान आहेत : २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१.

ज्येष्ठास कनिष्ठाने भागले असता ६१ च्या वर्गमुळाचे अत्यंत सूक्ष्म आसन्न मूल्य मिळते. ६१ चे वर्गमूळ अपरिमेय असल्याने ते कोणत्याही अपूर्णांकाने तंतोतंत दाखविता येत नाही. तथापि या दोन संख्यांच्या भागाकारातून येणारे ७·८१०२४९६७५९०६६५४३९ हे मूल्य दशांश चिन्हापुढे सतरा स्थळांपर्यंत बिनचूक आहे. वर्गमुळाची आसन्न मूल्ये काढण्यासाठी वर्गप्रकृतीचा उपयोग होतो, हे भारतीय गणितज्ञांना माहीत होते. नारायण पंडित यांनी चौदाव्या शतकात तसा उपयोग स्पष्टपणे सांगितला आहे.

आधुनिक गणितात ६१ च्या वर्गमुळाचा वितत अपूर्णांक मांडतात. त्याचा आवर्त ११ पदांचा आहे. आवर्ताची पदसंख्या विषम असल्याने एक आवर्त पूर्ण होताच क्षेप −१ येतो व क्षेप १ साठी दोन आवर्त, म्हणजे २२ पायऱ्या, लागतात. चक्रवालाच्या १४ पायऱ्यांशी ही संख्या ताडून पाहण्यासारखी आहे.

विज्जडवीड व बीड : भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या शेवटी आपला परिचय दिला आहे. शके १०३६ मध्ये (इ. स. १११४) आपला जन्म झाला व वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हा ग्रंथ रचला, असे ते म्हणतात. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले, वेदवेत्त्या विद्वानांचे विज्जडवीड हे आपल्या वडिलांचे, शांडिल्यगोत्री महेश्वरांचे, गाव म्हणून ते सांगतात. काही हस्तलिखितांत विज्जलवीड असा पाठ आढळतो. या नावाचे गाव आज अस्तित्वात नसल्याने त्याच्या स्थानाविषयी मतभेद आहेत.

फैजी यांनी अकबराच्या आज्ञेवरून १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फार्सी भाषांतरात भास्कराचार्यांचे जन्मस्थान बीदर असे दिले आहे. काहींनी नामसादृश्यावरून विजापूर सुचविले. सतराव्या शतकातील टीकाकार मुनीश्वर यांनी विज्जडवीड हे महाराष्ट्रात, गोदावरीपासून फार दूर नसलेल्या प्रदेशात असल्याचे सांगितले आहे. बीडच्या बाजूने दिली जाणारी प्रमाणे मुख्यतः दोन आहेत : एक, ‘वीड’ व ‘बीड’ यांतील साम्य, आणि दोन, मुनीश्वरांचा हा निर्देश. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे आणि जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची रांग ही सह्याद्रीचीच एक शाखा आहे. तथापि बिंदुसरा नदीवरील बीड हे शहर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून बरेच पूर्वेस आहे, हा या मतावरील आक्षेप होय.

याहून ठोस पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण (पाटणे) येथील भवानीच्या देवळातील कोरीव लेखाचा आहे. तो ⇨ भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. १२०७ मधील या संस्कृत लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची भास्कराचार्यांच्या कुळाची वंशावळ दिली आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे सर्व शास्त्रांत निपुण असल्याचे जाणून यादव राजा जैत्रपाल याने त्यांना ‘या नगरातून’ नेले व पंडितांत अग्रस्थान दिले, असे लेखात म्हटले आहे. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. सिद्धांतशिरोमणि व आपल्या कुळातील इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी येथे मठ स्थापिला व निकुंभ वंशातील सोन्हदेव याने त्यास देणगी दिली.

या लेखावरून भास्कराचार्यांच्या कुटुंबाचे पाटण येथील वास्तव्य सिद्ध होते. विज्जडवीड हे नाव मात्र या लेखात नाही. त्यामुळे पाटण म्हणजेच विज्जडवीड, हे अनुमानच राहते. बीडच्या बाजूने अशा प्रकारचा शिलालेखीय आधार पुढे आलेला नाही. खानदेश व मराठवाडा हे दोन्ही प्रदेश यादवांच्या एकाच सत्तेखाली होते. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याने बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई येथे देवालये बांधल्याचे तेथील लेखांवरून दिसते. विद्वानांची कुटुंबे राजाश्रयामुळे एका भागातून दुसऱ्या भागात जात असत, हे लक्ष्मीधरांच्या उदाहरणावरून उघड आहे. म्हणून बीडचे नाव वगळण्यास निर्णायक कारण नाही आणि ते निश्चित ठरविण्यासही पुरेसा पुरावा नाही, असेच म्हणावे लागते.

यूरोपातील इतिहास : पाटणच्या मठासारख्या ठिकाणी होणाऱ्या अध्ययनामुळे व टीकाकारांमुळे भास्कराचार्यांचे ग्रंथ भारतभर पसरले, परंतु बीजगणिताची माहिती यूरोपला उशिरा झाली. त्याचे फार्सी भाषांतर अताउल्ला रशीदी यांनी १६३४–३५ च्या सुमारास शाहजहानच्या काळात केले. इंग्रजीत ते फार्सीवरून १८१३ मध्ये (स्ट्रेची) व मूळ संस्कृतवरून १८१७ मध्ये (कोलब्रुक) आले.

दरम्यान फ्रेंच गणितज्ञ ⇨ प्येअर द फेर्मा यांनी १६५७ च्या फेब्रुवारीत हाच प्रश्न समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवला. फ्रेनीक्ल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ६१ व १०९ ही दोन उदाहरणे दिली; लहान संख्या दिल्याने फार त्रास पडणार नाही, अशी मल्लिनाथीही केली. ही दोन्ही उदाहरणे विशेष कठीण आहेत, हे फेर्मा यांना ठाऊक असले पाहिजे. त्यांना भास्कराचार्यांच्या ग्रंथाची माहिती असल्याचा पुरावा नाही. ज्या कारणामुळे भास्कराचार्यांनी ६१ निवडली, त्याच कारणामुळे फेर्मा यांनीही ती निवडली, असे म्हणणे योग्य होईल.

इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्राउंकर यांनी या समीकरणाची सर्वसाधारण रीत शोधली व जॉन वॉलिस यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे ⇨ लेओनार्ट ऑयलर यांनी अनवधानाने या उकलीचे श्रेय जॉन पेल या इंग्रज गणितज्ञांस दिले. पेल यांचा या उकलीत उल्लेखनीय वाटा नव्हता. तरीही ‘पेल समीकरण’ हेच नाव यूरोपात रूढ झाले. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर समीकरणास उत्तर असतेच, याची पहिली संपूर्ण सिद्धता ⇨ झोझेफ ल्वी लाग्रांझ यांनी १७६८ च्या सुमारास दिली.

मूल्यमापन : जर्मन इतिहासकार हेर्मान हांकेल यांनी १८७४ मध्ये चक्रवाल रीतीचा गौरव करताना, लाग्रांझ यांच्यापूर्वी संख्या सिद्धांतात इतके उत्कृष्ट कार्य झाले नव्हते, असा अभिप्राय दिला. हा अभिप्राय वारंवार उद्धृत केला जातो. तथापि भारतीय गणितज्ञांनी काय साधले व काय साधले नाही, हे वेगवेगळे पाहणे आवश्यक आहे. उत्तर निश्चितपणे काढून देणारी रीत त्यांच्यापाशी होती. १,७६,६३,१९,०४९ ही संख्या त्याचा प्रत्यक्ष पुरावा आहे. मात्र प्रत्येक प्रकृतीसाठी फेऱ्या केव्हा तरी संपतीलच, याची सिद्धता त्यांच्या उपलब्ध ग्रंथांत नाही. प्रत्यक्ष उदाहरणांत रीत कधी अडत नाही, एवढा अनुभव त्यांना पुरेसा वाटला असावा. लाग्रांझ यांच्या कार्याचे वैशिष्ट्य या सिद्धतेत आहे.

चक्रवाल रीत नेहमी उत्तरापर्यंत पोहोचते, याची सिद्धता विसाव्या शतकात म्हैसूरचे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये प्रसिद्ध केली. लाग्रांझ यांच्या वितत अपूर्णांकाच्या रीतीहून ती वेगळी असून पायऱ्या कमी घेते, हेही त्यांनी दाखविले. फिनलंडचे गणितज्ञ क्लास-ओलोफ सेलेनियस यांनी १९७५ मध्ये या रीतीची पुन्हा चिकित्सा केली. गुणकाची निवड भास्कराचार्यांनी सांगितल्याप्रमाणे केल्यास कमीत कमी पायऱ्यांत उत्तर मिळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

श्रेयाची वाटणी यावरून पुढीलप्रमाणे करता येते. भावनेचा सिद्धांत ब्रह्मगुप्तांचा. चक्रवालाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख जयदेवांचा. रीतीची सुगम मांडणी व ६१ या कसोटीच्या उदाहरणाची निवड भास्कराचार्यांची. यूरोपातील स्वतंत्र उकल ब्राउंकर यांची आणि अस्तित्वाची सिद्धता लाग्रांझ यांची. यांत पेल यांना स्थान नाही. म्हणून या समीकरणास ब्रह्मगुप्त–भास्कर समीकरण म्हणावे, अशी सूचना काही लेखकांनी केली आहे. वर्गप्रकृती हे त्याचे भारतीय ग्रंथांतील मूळ नाव मराठी गणितलेखनात आजही वापरले जाते.